ऑपरेशनची तारीख ठरली? मग भुलीची तयारी अशी करा

नवी मुंबईत कोपरखैरण्याच्या एका नर्सिंग होममध्ये मागच्या पावसाळ्यात एक आजोबा होते, वय ७४, हर्नियाचं ऑपरेशन. केस दुपारी २ ला लागलेली आणि आजोबा आदल्या रात्री ९ पासून पाण्याचा थेंब न घेता बसलेले, कारण घरच्यांनी "उपाशी ठेवा" एवढंच ऐकलं आणि सगळंच बंद केलं, बीपीची गोळीसुद्धा. १७ तास! जीभ कोरडी ठाक, शीर सापडेना, बीपी चढलेलं. त्याच दिवशी शेजारच्या बेडवर एक पंचविशीतला मुलगा, त्याने सकाळी ६ ला दूध घातलेला चहा आणि दोन खारी खाल्लेल्या, "चहाच तर आहे" म्हणून, आणि त्याची केस होती ९ ला. एकाचे हाल झाले आणि दुसऱ्याचं ऑपरेशन पुढे गेलं, आणि दोघांचीही चूक नव्हती, त्यांना कोणी नीट बसवून सांगितलंच नव्हतं.

मी भूलतज्ज्ञ आहे, नेरूळपासून पनवेलपर्यंत वेगवेगळ्या नर्सिंग होममध्ये जाऊन भूल देते. आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी पेशंट भूल देणाऱ्या डॉक्टरला पहिल्यांदा बघतो तो थेट टेबलवर, अंगावर हिरवा कपडा आणि वर लाईट, तेव्हा. त्या वेळी कोण कशाला काय सांगणार आणि काय विचारणार. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, आणि नवीन रिसर्चने आमच्या कामात जे बदललंय ते पण त्या त्या जागी सांगते, कारण आपल्याकडे घरोघरी जे नियम सांगितले जातात त्यातले बरेच २०-३० वर्षं जुने आहेत.

आधी भेट मागा

सर्जनने तारीख दिली की लगेच विचारायचं, "भूल कोण देणार आहे आणि ते मला कधी बघतील?" याला आम्ही पीएसी म्हणतो, म्हणजे भुलीच्या आधीची तपासणी. फिजिशियनकडून "फिटनेस" घेतला म्हणजे हे झालं असं नाही हं, फिजिशियन हार्ट-शुगर बघतात, पण तुमचा घसा, मान, जबडा, कंबर हे भूलतज्ज्ञालाच बघावं लागतं. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर ही भेट निदान आठवडाभर आधी हवी, कारण काही गोळ्या ३-४ दिवस आधी बंद कराव्या लागतात आणि आदल्या रात्री कळून काही उपयोग नसतो. प्रत्यक्ष जमत नसेल तर फोनवर दहा मिनिटं मागा. नाही म्हणणारे फार कमी भेटतील.

भेटीला जाताना काय न्यायचं? जुन्या ऑपरेशनची फाईल, सगळे रिपोर्ट, आणि गोळ्यांची यादी नको, गोळ्यांची पिशवीच न्या. यादीत "शुगरची पांढरी गोळी" लिहिलेलं असतं आणि पट्टीवर खरं नाव असतं. आयुर्वेदिक चूर्ण, काढे, लसणाच्या कॅप्सूल, अश्वगंधा, जिमवाल्याने दिलेली पावडर सगळं त्या पिशवीत टाका. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर अंगातलं पोटॅशियम कमी होतं, लसणाने रक्त थोडं पातळ होतं, त्यामुळे "ते काय घरगुतीच आहे" म्हणून सोडू नका.

तंबाखू, मशेरी, गुटखा: खरं सांगा

हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे. एपीएमसी मार्केटमधले माथाडी असोत की गावठाणातल्या आजी, मशेरी आणि तंबाखू आमच्याकडे भरपूर, आणि मुलांसमोर किंवा सुनेसमोर कोणी कबूल करत नाही. पण आम्हाला हे माहीत नसेल तर आमची सगळ्यात मोठी अडचण तिथेच होते. गुटखा-सुपारीने गालाच्या आतली कातडी कडक होते आणि तोंड उघडायचं कमी होत जातं. पूर्ण भूल दिल्यावर श्वासाची नळी घशातून घालायची असते, तोंडच दोन बोटं उघडत असेल तर ती जाणार कशी?

घरी आरशासमोर करून बघा. तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून आत जातात का बघा. जात नसतील तर भूलतज्ज्ञाला पहिल्याच वाक्यात सांगा. याची तयारी आधी केली तर काहीच अवघड नाही, वेगळी साधनं आहेत, गरज पडली तर पेशंटला जागं ठेवून नाकातून दुर्बिणीने नळी घालता येते. अवघड श्वासमार्गासाठी आपल्या भारतातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये खास मार्गदर्शक सूचना काढल्यात आणि आम्ही त्यावरच चालतो. नळी घालताना घशात बघायचं जे साधन असतं, लॅरिंगोस्कोप, त्याचा कॅमेरावाला प्रकार आता बऱ्याच छोट्या हॉस्पिटलांतही आलाय. २०२३ मध्ये एक मोठी ट्रायल, म्हणजे पेशंटचे गट करून तुलना करणारा अभ्यास, आली, आयसीयू आणि इमर्जन्सीतल्या गंभीर पेशंटवर, त्यात कॅमेऱ्याने पहिल्याच प्रयत्नात नळी गेली ८५ टक्के जणांत आणि साध्या लॅरिंगोस्कोपने ७१ टक्क्यांत. म्हणून तोंड कमी उघडत असेल, मान मागे जात नसेल, किंवा आधीच्या ऑपरेशनला "नळी घालायला त्रास झाला" असं कोणी बोललेलं आठवत असेल तर सरळ विचारा, "व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आहे का तिथे?"

सिगरेट-बिडी जितकी लवकर बंद तितकं बरं, ४ आठवडे मिळाले तर फुप्फुसांना खरा फायदा होतो. ते नसेल जमलं तरी आदल्या दिवशी बंद केली तरी रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो, त्यामुळे "आता काय एका दिवसाने होणार" असं म्हणू नका.

याच भेटीत अजून सांगायचं: झोपेत जोरात घोरता का, मध्येच श्वास थांबतो का (हे बायकोला किंवा नवऱ्याला विचारा, स्वतःला कळत नाही), जिना चढताना धाप लागते का, दात हलतोय का, कवळी आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, आणि घरात कोणाला भुलीनंतर काही विचित्र झालं होतं का. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. काही कुटुंबांत विशिष्ट भुलीच्या औषधाने ताप अचानक भयंकर चढतो, काहींत स्नायू सैल करायचं औषध तासन् तास उतरत नाही, आणि हे रक्तातून पुढच्या पिढीत जातं. "काकांना ऑपरेशननंतर खूप वेळ मशीनवर ठेवलं होतं" हे एक वाक्य आमचं सगळं प्लॅनिंग बदलतं.

गोळ्या: कुठली चालू, कुठली बंद

स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका आणि काहीही नवीन सुरू करू नका. हे मी का म्हणते त्याचं एक उदाहरण. एकेकाळी असं वाटायचं की ऑपरेशनच्या आधी बीटा ब्लॉकरची, म्हणजे हार्टचे ठोके हळू करणारी गोळी सुरू केली की हार्ट शांत राहील, लॉजिक अगदी बरोबर वाटायचं. मग २००८ मध्ये ८ हजारांहून जास्त पेशंटवरची ट्रायल आली, त्यात हार्ट ॲटॅक खरंच कमी झाले, पण स्ट्रोक वाढले आणि एकूण मृत्यूही वाढले. आता ऑपरेशनच्या दिवशी नव्याने ती गोळी आम्ही सुरू करत नाही. पण जो आधीपासून घेतोय त्याने ती चालूच ठेवायची, त्या सकाळीसुद्धा, एक घोट पाण्याबरोबर. गोळी तीच, पण नव्याने सुरू करणं आणि आधीपासून चालू असणं याचा हिशोब उलटा.

शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही नावं पट्टीवर शोधा, अनेकदा मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असतात. त्या साधारण ३ दिवस आधी बंद कराव्या लागतात. कारण उपाशीपोटी त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साठू शकतं आणि त्या वेळी शुगर जवळजवळ नॉर्मल दिसते, म्हणजे मीटर बघून कोणालाच शंका येत नाही. सीवूड्सच्या एका काकूंची केस मी याच कारणाने चार दिवस पुढे ढकलली, त्या चिडल्या, मुलगाही चिडला, पण मी परत तेच करेन.

दुसरं, वजन आणि शुगरसाठी पोटावर आठवड्यातून एकदा टोचायची इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड. ही आता आपल्याकडे खूप जण घेतात आणि सांगायला लाजतात. या औषधाने पोट हळू रिकामं होतं, त्यामुळे ८ तास उपाशी असूनही पोटात अन्न असू शकतं आणि भुलीत ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सरसकट एक आठवडा बंद करा असं सांगितलं होतं, मग २०२४ मध्ये अनेक संघटनांनी मिळून ते सौम्य केलं, की सगळ्यांना बंद करायची गरज नाही, डोस नुकताच वाढवलाय का, मळमळ-उलटी होतेय का हे बघून ठरवा, आणि धोका वाटला तर आदले २४ तास फक्त पातळ पदार्थ द्या. शंका असली तर आम्ही सोनोग्राफीने पोट रिकामं आहे का तेही बघतो. एवढं सगळं करता येतं, पण तुम्ही इंजेक्शन घेता हे आम्हाला कळलं तरच.

बीपीच्या गोळ्यांबद्दल थोडं. ज्यांच्या नावाच्या शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" येतं (रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन) त्यांच्यावर वर्षानुवर्षं वाद होता. २०२४ ला फ्रान्समधल्या २,२२२ पेशंटच्या ट्रायलमध्ये चालू ठेवणारे आणि ४८ तास आधी बंद करणारे, दोन्हीकडे मोठे त्रास सारखेच, २२ टक्के. फक्त चालू ठेवणाऱ्यांत ऑपरेशन चालू असताना बीपी पडायचं प्रमाण जास्त, ५४ विरुद्ध ४१ टक्के. म्हणून एक डॉक्टर बंद करा म्हणेल, दुसरा चालू ठेवा म्हणेल, आणि दोघेही बरोबर असू शकतात, तुमच्या केसमध्ये जो भूल देणार त्याचं ऐका. रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र, खास करून स्टेंट बसवलेला असेल तर, हार्टचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ दोघांनी बोलून ठरवायच्या. इथे केमिस्टचा सल्ला चालत नाही.

उपाशी किती वेळ?

जड जेवण, तळलेलं, मटण, बिर्याणी: ८ तास. हलकं खाणं, म्हणजे पोहे-इडलीची छोटी प्लेट तेल न टाकता, टोस्ट, आणि दूध किंवा दुधाचा चहा: ६ तास. आईचं दूध: ४ तास. आणि पाणी: २ तास. होय, मोठ्या माणसाने ऑपरेशनच्या २ तास आधीपर्यंत साधं पाणी, कोरा चहा, गाळलेलं लिंबू सरबत घेतलेलं चालतं. लहान मुलांसाठी युरोपातल्या २०२२ च्या सूचनांनी ते १ तासापर्यंत आणलंय. ताक, पेज, वरणाचं पाणी हे पाण्यात मोडत नाही, ते खाण्यातच धरा.

मग एवढं असूनही रात्री १२ नंतर सगळं बंद का सांगतात? कारण केस कधी लागेल ते नक्की नसतं आणि सगळ्यांना एकच वाक्य सांगणं सोपं पडतं. तुम्ही विचारा, "माझी केस अंदाजे किती वाजता, मी पाणी किती वाजेपर्यंत पिऊ?" वेळ कागदावर लिहून घ्या. पोट हळू चालणारे पेशंट, गरोदर बायका, इमर्जन्सी, यांना वेगळे नियम लागू शकतात, त्यामुळे हा परिच्छेद वाचून स्वतःच ठरवू नका, विचारून ठरवा.

कमरेतून की पूर्ण?

कमरेत इंजेक्शन देऊन फक्त खालचं अंग बधिर करायचं, की पूर्ण झोपवायचं? सगळ्यात जास्त भीती इथेच. "मॅडम, कमरेत इंजेक्शन नको, माझ्या जावेची कंबर सिझेरियनपासून धरलीये." मी हे महिन्यातून दहा वेळा ऐकते आणि मला त्या जावेचं दुखणं खोटं वाटत नाही. पण गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर कंबर तशीही अनेकींची दुखते, वाकून बाळ घेणं, बसून पाजणं, झोप नाही, आणि इंजेक्शन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना केली तर लांबच्या काळात फरक दिसत नाही. सुई टोचली तिथे चार-पाच दिवस दुखू शकतं, तेवढंच.

डोकेदुखी मात्र खरी आहे. बसलं-उभं राहिलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं, अशी. त्यासाठी आता बारीक आणि पेन्सिलसारख्या टोकाच्या सुया आल्यात, २०१८ मध्ये अनेक ट्रायल एकत्र करून बघितलं तर जुन्या धारदार टोकाच्या सुयांनी ११ टक्के आणि या सुयांनी ४ टक्क्यांच्या आसपास डोकेदुखी. आणि ते "२४ तास उशी न देता सपाट झोपवा"? त्याने डोकेदुखी टळत नाही हे अभ्यासात दिसलंय. बाईला उशी द्या, बाळ जवळ द्या.

आजी-आजोबांच्या खुब्याच्या फ्रॅक्चरला आम्हालाही अनेक वर्षं वाटायचं की कमरेतली भूल म्हणजे सुरक्षित, पूर्ण भुलीने म्हातारी माणसं भ्रमिष्टासारखी होतात. २०२१ मध्ये १,६०० पेशंटना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटून बघितलं. ६० दिवसांनी चालता न येणं किंवा मृत्यू, कमरेतल्या भुलीत १८.५ टक्के आणि पूर्ण भुलीत १८. भ्रम होण्याचं प्रमाणही जवळजवळ सारखं, २० टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे आजोबांची पाठ वाकत नसेल, रक्त पातळ असेल आणि भूलतज्ज्ञ पूर्ण भूल म्हणाला तर घाबरू नका. त्यापेक्षा त्यांचा चष्मा आणि कानाचं मशीन रिकव्हरी रूममध्ये लगेच द्या, घरचा माणूस जवळ बसवा, रात्री झोपू द्या.

लहान बाळाच्या आईबापांचा प्रश्न: "भुलीने डोक्यावर परिणाम होईल का?" ७ देशांतल्या ७२२ बाळांवर ट्रायल झाली, हर्नियासाठी, निम्म्यांना जागं ठेवून पाठीतून आणि निम्म्यांना पूर्ण भूल, तीही साधारण तासाभराची. मुलं ५ वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक मोजला, दोन्ही गट सारखे. २०१९ ला हे आलं आणि तेव्हापासून मी आयांना हे निर्धास्तपणे सांगते. ३ वर्षांखालच्या मुलांना ३ तासांपेक्षा जास्त किंवा परत परत भूल लागणार असेल तर मात्र वेगळं बोलून घ्यावं.

आणि "मध्येच जाग आली तर?" ब्रिटन-आयर्लंडमध्ये सगळ्या सरकारी हॉस्पिटलांतून माहिती गोळा केली होती, २०१४ चा रिपोर्ट, साधारण १९ हजार पूर्ण भुलींत एक. आधी कधी असं झालं असेल तर सांगा, आम्ही कपाळाला लावून मेंदूवर लक्ष ठेवणारा मॉनिटर वापरतो.

त्या दिवशी

नेलपॉलिश काढून या, निदान दोन बोटांचं, बोटाला ऑक्सिजनचा क्लिप लागतो. मंगळसूत्र, नथ, जोडवी घरीच काढून ठेवा, ऐन वेळी ऑपरेशन थिएटरच्या दारात काढताना बायकांना फार वाईट वाटतं, काळा दोरा बांधून आलात तर कोणी काही म्हणणार नाही. नाव आणि कुठल्या बाजूचं ऑपरेशन हे तीन-तीनदा विचारतील, चिडू नका, ती चेकलिस्ट आहे. २००९ मध्ये दिल्लीसकट ८ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरून बघितली तेव्हा मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले.

रिसर्चसाठी विचारलं तर

खारघरला टाटा हॉस्पिटलचं कॅन्सर संशोधन केंद्र, ॲक्ट्रेक, आहे, आसपास मेडिकल कॉलेजं आहेत, त्यामुळे कधी ना कधी तुम्हाला "आमच्या अभ्यासात भाग घ्याल का" असं विचारतील. "आमच्यावर प्रयोग करणार" म्हणून लगेच हात झटकू नका. कॅन्सर सर्जन डॉ. राजेंद्र बडवे आणि टाटाच्या टीमने देशातल्या ११ सेंटरमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या जवळपास १,६०० बायकांवर एक ट्रायल केली. गाठ काढायच्या काही मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेन टोचलं, म्हणजे दात काढताना देतात तेच साधं स्वस्त बधिर करायचं औषध. ५ वर्षांनी हयात असलेल्या बायका ९०.१ टक्के, आणि ज्यांना टोचलं नाही त्यांच्यात ८६.४ टक्के. २०२३ ला हे छापून आलं. आमच्या रोजच्या ट्रॉलीवरच्या बाटलीने हे होऊ शकतं हे वाचून मी त्या रात्री नीट झोपले नव्हते. त्या बायकांनी हो म्हटलं म्हणून हे जगाला कळलं.

पण हो म्हणायच्या आधी बघायचं. माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. सीटीआरआय नंबर विचारा, ही ट्रायलची सरकारी नोंदणी आहे, २००९ पासून औषधांच्या ट्रायलला सक्तीची, वेबसाईटवर कोणीही फुकट बघू शकतं. एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटचं हित बघणाऱ्या समितीची मंजुरी आणि तिचा फोन नंबर. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार कोण करणार, भरपाई कशी. सही केलेल्या फॉर्मची कॉपी तुमच्याकडे हवी. आणि कधीही मध्येच बाहेर पडता येतं, त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारात कमी-जास्त होता कामा नये.

घरी आल्यावर

२४ तास गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही नाही. दुखण्याची गोळी दुखल्यावर नाही, सांगितलेल्या वेळेला घ्या. कमरेतल्या भुलीनंतर बसल्यावर ठणकणारी डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, पायाची ताकद परत न येणं, लघवी अडकणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता फोन करा.

डिस्चार्जच्या वेळी बिल आणि सर्जनचं कार्ड सगळे घेतात, भुलीचा कागद कोणी मागत नाही. तो मागा, मोबाईलवर फोटो काढा आणि घरातल्या अजून एकाला पाठवून ठेवा. कुठलं औषध दिलं, नळी सहज गेली का, काय त्रास झाला, सगळं त्यावर असतं. कामोठ्याच्या एका ताईंनी मला असाच ९ वर्षांपूर्वीचा, घडी पडून मळलेला कागद दाखवला होता, त्यावर कोणीतरी लाल पेनाने लिहिलेलं, "नळी अवघड, तिसऱ्या प्रयत्नात". मी व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आधीच मागवून ठेवला, नळी पहिल्याच प्रयत्नात गेली, आणि संध्याकाळी त्या बसून चहा पीत होत्या.